वसुलीवाल्याला माहीत असलेला माझा भाऊ

दिग्या, तू गेल्यापासून माझ्या दाराची पायरी सगळ्यात जास्त कुणी झिजवली असेल, तर तुझ्या वसुलीवाल्यांनी. पाहुणे आले, चहा पिऊन, डोळ्याला पदर लावून गेले. तुझ्या मंडळाच्या पोरांनी चौकातल्या फलकावर तुझा फोटो लावला आणि थोड्याच दिवसांत त्यावर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फोटो चढला. वसुलीवाले मात्र नेमानं येत राहिले. दारावर थाप पडली की मला वाटायचं, तुझी आठवण काढायला कुणीतरी आलं. धावत जाऊन दार उघडायचे आणि तोंडात मारल्यासारखी परत यायचे.

तू असतास तर म्हणाला असतास, "आक्का, तू दार उघडतीसच कशाला? मशीन चालू ठेव आन् ऐकू आलं न्हाई म्हण." तुझी हीच युक्ती होती म्हणे. तुझ्या साउंड सिस्टीमच्या गोडाऊनमध्ये गाणी लावून बसायचास आणि बाहेर कुणी कितीही ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. माझं तसं कसं चालेल? बाहेरच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन, आत बायका ब्लाउज घालून बघतायत, दारात वसुलीचा गडी. अख्ख्या मंगळवार पेठेला कळलं की शिंपीण आक्काच्या भावानं पैसे बुडवले.

आणि दिग्या, हे सगळं मी माझ्या तोंडानं ओढवून घेतलंय. तुला माहीत आहे, तू होतास तिथं. निदान सगळे तरी असंच म्हणतात.

रक्षाविसर्जनाला नदीवर केवढी माणसं आली होती. तुझी सगळी दुनिया. मंडळवाले, बँडवाले, मांडववाले, जनरेटरवाले. मला जागा करून घेत पुढं जावं लागलं. मी सख्खी बहीण, आणि मला कुणीतरी म्हणतंय, "मावशी, जरा बाजूला, दादाच्या दोस्तांना पुढं येऊ दे." तिथंच माझं डोकं सटकलं होतं. पानावर तुझ्या आवडीचं सगळं वाढलेलं. वहिनीनं भात आणि वड्या केल्या होत्या, मी शेंगदाण्याची पोळी नेली होती, तुझ्या मंडळातल्या त्या बंड्यानं पिशवीतून मिसळ आणली होती आणि वर तंबाखूच्या माव्याची पुडी. मला ती पुडी उचलून नदीत फेकावीशी वाटत होती.

कावळे समोरच्या पत्र्यावर बसलेले. एक खाली येईना. वहिनी रडत म्हणाली, "केतकीचं शिक्षण थांबू देणार नाही, काळजी करू नका." कावळा ढिम्म. बंड्या पुढं झाला, हात जोडले, म्हणाला, "भावा, मंडळ तुझ्या घराला अंतर देणार न्हाई. मिरवणुकीत पयला नारळ तुझ्या नावानं." मला मनातनं वाटलं, आता येणार. बंड्याचं तू कधी टाळलंस का? बंड्यानं रात्री हाक मारली तर ताटावरनं उठायचास. पण कावळा नाही आला, आणि दिग्या, तुझी शपथ, मला बरं वाटलं.

लोकांना ऑफिसं होती. कुणी घड्याळ बघतंय, कुणी हळूच फोन बघतंय. आपल्या कोडोलीच्या चुलत्यांनी विचारलं, "काय तर राहिलंय त्येच्या मनात. बोला की कुणीतरी." आणि मी बोलले. मोठ्यांदा बोलले, म्हणजे बंड्यालाही ऐकू जावं. "दिग्या, तुझं जे काय देणं असंल ते सगळं मी भागवते. कुणाचं काही ठेवत न्हाई. आता जा."

कावळा खाली आला. मिसळीची पिशवी सोडून थेट माझ्या पोळीला चोच मारली. सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं, "शिवला." मी रडत होते, नाक गळत होतं, आणि तरी मी मान वळवून बंड्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तू त्या सगळ्यांना सोडून माझं ऐकलं होतंस. एवढ्या माणसांत, सगळ्यांसमोर. मला पैशाचं काय कळतंय तेव्हा? तुझ्यावर कर्ज आहे हे मला मोघम ठाऊक होतं. किती, कुणाचं, ते विचारलं की तू विषय बदलायचास. मला फक्त एवढंच कळत होतं की मी जिंकले.

मागं दोन पोरं गाडीला टेकून उभी होती. मला वाटलं मंडळातली असतील.

ती दोघं तेराव्यानंतर लगेच घरी आली. चप्पल न काढता आत. मी एका बाईच्या दंडाचं माप घेत होते.

"आक्का तुमीच काय?" त्यातला जाडा म्हणाला.

"कुणाची आक्का? मला आक्का म्हणणारा गेला."

"तसं न्हवं ओ. दिगंबर साउंडवाल्यांचं कर्ज तुमी अंगावर घेतलंयसा. नदीवर बोल्लासा न्हवं? मागं उभा हुतो की आमी."

"मी कावळ्याला बोलले. तुमाला न्हवं."

"कावळ्यानं ऐकलं. आमी बी ऐकलं."

माप घ्यायला आलेली बाई फिस्सकन हसली. मला एवढा संताप आला की मी त्या पोरांना टेप घेऊनच दारापर्यंत हाकललं. पण ती गल्लीत उभी राहून ओरडत राहिली, भाऊ मेला तरी बहिणीला लाज न्हाई, देवासमोर शब्द देऊन फिरतीया. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. दिग्या, तुझे साउंड वाजायचे तेव्हासुद्धा एवढी माणसं बाहेर आली नव्हती.

संध्याकाळी तुझ्या दाजींनी मला समोर बसवलं. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, खालच्या आवाजात, एकेक शब्द मोजून. म्हणाले, "तुझी कुठं सही नाही. तू वारस नाहीस. नदीवरचं बोलणं कोर्टात चालत नाही. परत आले तर मला बोलव." खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरांना तेच पाठ म्हटल्यासारखं सुनावलं. जाडा म्हणाला, "बरं. तुमची न्हाई, पण वहिनींची सही हाय. त्यास्नी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. वहिनी तोपर्यंत केतकीला घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली होती. तिथं तिच्या आईच्या फोनवर, भावाच्या फोनवर, शेवटी केतकीच्या कॉलेजात. पोरगी मला फोनवर हुंदके देत म्हणाली, "आत्या, ते म्हणतात तुझ्या आत्यानं शब्द दिलाय, तिलाच विचार कधी फेडणार." आता सांग, मी काय करायचं होतं? मागं सरले तर तुझी लेक त्यांच्या तोंडी. पुढं गेले तर माझ्या हातात काय, ब्लाउजच्या शिलाईचे पैसे आणि आईच्या पाटल्या. आणि दाजींचं तोंड वेगळंच.

मी तुझ्यावर चिडले. फोटोसमोर उदबत्ती लावायची आणि शिव्या घालायच्या, असं चाललं होतं माझं. साऱ्या गावाकडं हात पसरलास. फायनान्स कंपनीकडं, मांडववाल्याकडं, गोडाऊनच्या मालकाकडं, बंड्याच्या मेव्हण्याकडंसुद्धा. फक्त माझ्याकडं मागितलं नाहीस. लहानपणी माझ्या कंपासपेटीतले पैसे न विचारता उचलायचास, मी तुला बदडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू परत उचलायचास. ते तुझं माझं चालू होतं तोवर बरं होतं. पुढं तू मोठा झालास आणि माझ्या पेटीला हात लावायचा बंद झालास. कुणाच्या पेटीला लावायला लागलास मग?

तेव्हा अमर आला.

तोही त्याच कंपनीचा वसुलीवाला. पण तो एकटा आला, दुपारी, चप्पल बाहेर काढून. बारीक, उन्हानं रापलेला, हातात हेल्मेट. म्हणाला, "आक्का, ती दोन पोरं आता येणार न्हाईत. तुमची फाईल मी मागून घेतली." मी म्हटलं, उपकार झाले, आणि दार लावायला गेले. तर म्हणतो, "दादा म्हणायचे, आक्काकडं कधी जायचं झालं तर दुपारच्या चहाला जा. त्या टायमाला ती जरा मऊ असती."

मी दार धरून उभीच राहिले. खरं आहे ते, पण ते तुझं माझं होतं. तुला ब्लाउजपीस द्यायला किंवा नुसतं उगाच यायचं असलं की तू त्याच वेळेला यायचास. हे तू एका हप्तेवाल्याला सांगितलंस?

त्याला आत घेतलं ते चौकशी करायला, चहा द्यायला नव्हे. तरी चहा दिला. मग हळूहळू त्यानं सांगितलं. पहिल्यांदा तुझ्या गोडाऊनवर आला तेव्हा तोही ओरडला होता, केतकी समोर असताना. तू म्हणे त्याला स्पीकरच्या खोक्यावर बसवलंस आणि म्हणालास, "पावणं, शिव्या दिऊन घसा वाळला आसंल, च्या घ्या. मग राहिलेल्या द्या." तो बसला. पुढच्या आठवड्यात परत आला, परत बसला. मग वसुलीचं नुसतं निमित्त राहिलं. वायरी गुंडाळायला लागला, साउंडचा मिक्सर चालवायला शिकला, रविवारी तुझ्याबरोबर बिद्रीच्या बाजूला लग्नाच्या ऑर्डरीला जायला लागला. रविवारी. दिग्या, तू मला सांगायचास, रविवारी अजिबात टाईम नसतो आक्का, धंद्याचा दिवस असतो.

मी कप उचलून आत गेले आणि मोरीत आपटला. कान तुटला कपाचा.

पण तो यायचा थांबला नाही आणि मी त्याला हाकललं नाही. हे कसं झालं मला सांगता येणार नाही. तो आला की मी तोंड फिरवून शिवत बसायचे आणि तो आला नाही की मी दाराकडं बघत बसायचे. प्रत्येक खेपेला तो तुझं काहीतरी घेऊन यायचा. एकदा माझ्या हनुवटीवरच्या खुणेकडं बघून म्हणाला, "ही झोपाळ्याची न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"दादांनी. म्हणले, मीच ढकललं हुतं तिला. जन्मभर कबूल केलं न्हाई."

चाळीस वर्षं मी म्हणत आले की तू ढकललंस. तू म्हणत आलास की मीच उडी मारली. आई असताना ह्यावरून आपण जेवणाच्या ताटावर भांडलो, तुझ्या लग्नात भांडलो, आई गेल्यावर तिच्या दहाव्याला हळू आवाजात भांडलो. आणि तू कबूल केलंस ते कुणासमोर? मला हसू पण येत होतं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशी पण वाटत होती. माझं भांडण होतं ते, दिग्या. मी जिंकलेलं मला कुणा तिऱ्हाईताकडून कळावं?

मग ज्यानं तू गेलास त्या छातीच्या दुखण्याचं कळलं. अमर म्हणाला, खोकी उचलताना तू मध्येच थांबायचास, डावा खांदा दाबायचास, घाम पुसायचास. त्यानं तुला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, तू चिठ्ठी खिशात घातलीस आणि म्हणालास, गणपती होऊ देत. मी मशीन थांबवलं. म्हटलं, "आणि तू गप्प बसलास? माझं घर कुठं आहे माहीत होतं तुला. येऊन सांगता येत नव्हतं?"

"त्यांनी पोरीची शप्पत घातली हुती, आक्का. मी वसुलीचा माणूस. माझ्यावर कोण इस्वास ठेवतंय? त्यांनी ठेवला. तो कसा मोडू?"

त्या दिवशी मी त्याला जायला सांगितलं. म्हणाले, परत येऊ नकोस. तो गेल्यावर रडले, पण ते तुझ्यासाठी नव्हतं. मला राहून राहून वाटत होतं, तुझ्या छातीवर हात ठेवून कुणीतरी विचारलं, दुखतंय का, आणि ते मी नव्हते. तू माझ्यापेक्षा लहान. तुझं नाक मी पुसलं, तुझी शाळेची चड्डी मी शिवली, तुला ताप आला की आई माझ्याच मांडीवर द्यायची. तुझं दुखणं माझ्या हक्काचं होतं. ते तू परक्याला देऊन टाकलंस.

आपलं शेवटचं बोलणंही आठवलं. तू दारात उभा होतास, हातात केतकीचं ब्लाउजपीस. मी मान वर न करता म्हणाले, विकून टाक ती स्पीकरची खोकी, कानठळ्या बसवून कुणाचं भलं झालंय. तू म्हणालास, "बोलू आपण, आक्का. निवांत बोलू." आणि गेलास. ते ब्लाउजपीस अजून तसंच आहे, कापलेलं नाही. निवांत तू बोललास, पण खोक्यावर बसून, अमरशी.

तो दोन आठवडे आला नाही. मीच फोन केला. म्हटलं, "ये. शब्द दिलाय तो पुरा करायचाय. काय करायचं ते सांग." आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, जे मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. "त्यानं माझ्याकडं का नाही मागितलं रे?"

अमर म्हणाला, "मी म्हणलंवतं त्यास्नी, आक्काला इचारा. तर हसले. म्हणले, आक्काला मागिटलं की ती देणार. आन् मग बोलणार. दिलेलं फेडता येतंय, बोललेलं कुठं फेडायचं?"

दिग्या, हे मी आधी ऐकलं असतं तर तुझं नरडं धरलं असतं. फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. दाजी बाहेर येऊन बघून गेले, ही हसतीया का रडतीया म्हणून. खरंच बोलले असते रे मी. पण तुला माझं बोलणं नको होतं, तर तू मला तसं तोंडावर म्हणायचंस. मी अजून बोलले असते. मग तूही बोलला असतास. तेवढं तरी झालं असतं आपल्यात.

वहिनीला फोन करून सांगितलं, अगं तुझ्या नावावर आता काही येणार नाही, केतकीला अभ्यास करू दे. तीही माझ्यावर जळायची म्हणे, हे मला तेव्हा कळलं. म्हणाली, "वन्सं, ह्यांना तुमच्याकडं जायला वेळ मिळायचा, मला घेऊन जायला नाही." मी म्हटलं, अगं बाई, मला वाटायचं तुझ्यामुळं तो माझ्याकडं येत नाही. मग दोघींपैकी फोन कुणीच ठेवेना.

साउंड विकायचा ठरला. गिऱ्हाईक अमरनंच आणलं. बिद्रीकडचा कारखान्यात कामाला असलेला माणूस, पोराला धंदा काढून द्यायचा होता. मी गोडाऊनवर गेले, पहिल्यांदाच आत गेले. वासानंच पाय थांबले. तंबाखू, ऑइल आणि तुझ्या त्या स्वस्त अत्तराचा वास. गिऱ्हाईक म्हणालं, वाजवून दाखवा. मला काय येतंय? अमर पुढं झाला. कुठली वायर कुठं, कुठल्या खोक्याचा आवाज फाटलाय, सगळं त्याच्या हातात. माईक उचलला आणि म्हणाला, "हॅलो, चेक, हॅलो, चेक, आवाज यतोय का मंडळी?" अगदी तुझ्यासारखं. "मंडळी"वर तुझ्यासारखंच जरा लांबवून.

गिऱ्हाईक खूश झालं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या भावाचा आवाज तो घेऊन फिरतोय आणि मला साधं तुझं खोकणंसुद्धा काढता येत नाही. मी घरी येऊन आरशासमोर करून बघितलं. जमलं नाही. माझा आवाज आईसारखा आहे.

साउंडच्या पैशात मांडववाला मिटला, गोडाऊन मिटलं, बंड्याच्या मेव्हण्याचं मिटलं आणि कंपनीचं निम्मं मिटलं. कंपनीनं थोडं सोडलं, अमरनं साहेबांच्या पाया पडून सोडवलं असेल, मी विचारलं नाही. उरलेल्यासाठी मी आईच्या पाटल्या काढल्या. दाजींना म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी एकटी गुजरीत जाऊन येते. तर ते चपला घालून दारात तयार. सोनाराच्या पायरीवर म्हणाले, "भाऊ तुझा, जीभ तुझी. चल." परत येताना मला भडंग घेऊन दिलं, आणि मी रस्त्यात उभी राहून खाल्लं.

काल अमर कंपनीचं पत्र घेऊन आला. काही येणं नाही, असं लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं, तुझ्या फोटोला दाखवलं, कपाटात ठेवलं. चहा केला. म्हटलं, "झालं सगळं. आणखी कुणाचं काही राहिलंय का? मी नदीवर सगळं भागवते म्हटलंय, एखादं राहायला नको."

"न्हाई, कुणाचं न्हाई."

दिग्या, मी आयुष्यभर बायकांची मापं घेतली आहेत. पोट आत ओढून उभं राहिलेलं माणूस मला कळतं. म्हटलं, "खरं बोल."

तो कपाकडं बघत राहिला. म्हणाला, "माझं थोडं हाय. हातउसनं. ते सोडा."

"तू वसुलीवाला आणि तूच त्याला पैसे दिलेस?"

"भाऊबीज हुती, आक्का."

तुझी शेवटची भाऊबीज. दरवर्षी पाकीट देणारा तू, त्या वर्षी साडी घेऊन आला होतास. मोरपंखी इरकल, लाल काठाची. मी आधी तुला खर्चाबद्दल झापलं आणि मग ती साडी नेसून सगळ्या गल्लीत हिंडले. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होते, भावाची पसंती बघा, माझ्या अंगावर काय खुलतं ते भावालाच कळतं.

"दुकानात दादांसंगट मीच हुतो," अमर म्हणाला. "ते वांगी रंगाची घेत हुते. मी म्हणलं, मोरपंखी घ्या. आक्का गोऱ्या हाईत म्हणून तुमीच सांगतासा न्हवं."

म्हणजे पैसे त्याचे आणि रंगही त्यानंच काढलेला. मला एवढंही तुझं म्हणून ठेवू नये कुणी? मी उठले, मशीनच्या खणातले पैसे काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. किती होते विचारलं नाही, सगळेच ठेवले. म्हटलं, घे. माझी भाऊबीज मीच घालून घेते.

त्यानं हात लावला नाही. उलट्या हातानं पैसे माझ्याकडं सरकवले.

"ह्यात तुमी पडू नका, आक्का. कंपनीचं मिटलं. उद्यापासनं मला हितं यायचं कामच न्हाई. दादांचं माझ्याकडं एवढंच राहिलंय. ते बी फेडलासा तर मी त्यांचा कोण?"

मी खूप ओरडले त्याच्यावर. ओरडताना मला कळत होतं की माझ्या ओरडण्याला काही अर्थ नाही. तो हेल्मेट घालून गाडीवर बसला, तरी मी दारातनं पैसे नाचवत होते. गल्लीतल्या लोकांनी पुन्हा गॅलरीतनं बघितलं. आतापर्यंत वसुलीवाला मागायचा आणि मी नाही म्हणायचे, हे त्यांनी बघितलं होतं.

तो गेल्यावर मी मशीनवर बसले, पण शिवलं काही नाही. तुझ्याकडं माझं काय राहिलंय ते आठवत बसले. मोठा कुकर नेला होतास, तो घासून आणून दिलास. दाजींची छत्री नेलीस, ती दुसऱ्या दिवशी दाराला अडकवून गेलास. चादरी नेल्यास, धुऊन आणल्यास. वाटीभर साखर नेली तर वहिनीकडून वाटीभर परत. कंपासपेटीतले पैसे तर मी तेव्हाच बदडून वसूल केले होते. कितीही डोकं खाजवलं तरी एक चमचा सापडला नाही. अमर म्हातारा झाला तरी पानपट्टीवर उभा राहून हसत सांगणार, दिगंबर साउंडवाल्यानं माझे पैसे बुडवले. आणि मी काय सांगू? माझ्या भावानं माझं सगळं परत केलं?

दिग्या, माझंही थोडं बुडवायचं होतंस रे.